एनिडवहिनींचं घड्याळ

आदरणीय अध्यक्षा प्रॉसरबाई, व्यासपीठावरचे आपले पाद्री टँडीसाहेब, क्लबातले सगळे कायाक-होडीवाले, आणि खुर्च्या नेहमीप्रमाणे कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी,

माझ्या वहिनी, एनिड मेरेट, उद्या लडलोला बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. त्यांच्याविषयी दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. मी दोनावर कधी थांबलोय?

वीस वर्षं या बाई फ्रॅमिलोडच्या चर्चच्या कठड्यावर उभ्या राहिल्या. पाऊस म्हटला नाही, थंडी म्हटली नाही. समुद्राची भरती लाट होऊन सेव्हर्न नदीत शिरली आणि त्यांच्यासमोरून वर गेली, की त्या इथे मिन्स्टरवर्थला पबमध्ये फोन करायच्या. "गेली," आणि वेळ. बस्स. तिथून अर्ध्या तासात लाट आपल्या दारात. फोन आला की आधी काठीवर तांबडा बावटा चढवायचा, मग काय ते बोलायचं, हा आपला नियम. बावटा दिसला की कोणी नदी ओलांडायची नाही. फोन घ्यायचं आणि बावटा चढवायचं काम माझं होतं.

हो, केकबद्दल प्रॉसरबाईंचे आभार मानायचे राहिलेच. मानतो.

माझा थोरला भाऊ आल्बन, वहिनींचे यजमान, याच लाटेत गेला. अकरा वर्षं झाली. चौकशीत मी सांगितलं, फोन उशिरा आला. वहिनी भांडल्या नाहीत. "मग माझंच घड्याळ मागे पडलं असेल," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही. कठड्यावर परत गेल्या नाहीत, पण क्लबही सोडला नाही. अकरा वर्षं आपल्याला चहा पाजला. मलाही.

आज सकाळी समितीने आणलेली ही भेट मी त्यांना दाखवली. भिंतीवरचं घड्याळ. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, दुसरं काहीही द्या. माझ्या हाती घड्याळ नको."

मंडळी, फोन उशिरा आला नव्हता. भरतीच्या छापील कोष्टकापेक्षा वीस मिनिटं लवकर आला होता. त्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा होता, आणि तो सुटला की लाट आधी येते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला म्हणे अक्कल जास्त! मी फोन ठेवला आणि म्हटलं, वहिनींनी लाट न बघता घड्याळावरूनच फोन केलाय, आणि ते पुढे पळतंय, कशाला उगाच घाई. बावटा कोपऱ्यात राहिला आणि मी न्याहारीला बसलो. आल्बनने काठीकडे पाहिलं. बावटा नव्हता. म्हणून त्याने पलीकडे जायला कायाक पाण्यात ढकलली. लाटेचा आवाज आला तेव्हा माझ्या हातात पाव होता, आणि तो नदीच्या मधोमध, लाटेला आडवा.

मी भावाला मारलं आणि दोष वहिनींच्या पदरात टाकला. घाबरलो होतो. पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी जास्त अवघड गेलं.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, ते सभागृहाने पोटात घालावं. बाकीचं पोटात घाला, असं मी कोणाला म्हणणार नाही. तुम्हालाही नाही, वहिनी.

फक्त हे घड्याळ घेऊन जा. तुमचं बरोबर होतं.