झडतीचा चहा

देवरूखच्या एसटीत निशिगंधा उभी होती. समोरच्या बाकावर कोर्टातून परतणाऱ्या काशीमावशी आणि त्यांची शेजारीण जनी. मावशींचा मुलगा नितेश कोठडीत.

"पोलीस झडतीचा कागद न दाखवता आले, तर घरात घेतलंस कशाला गो?"

"दारात माणूस आलं की 'या, बसा' म्हणायचं नाही?"

"चहासुद्धा दिलास?"

"दिला. आता म्हणतात, झडती तुमच्याच संमतीनं झाली."

"पण बेकायदा झडतीतला गांजा पुराव्यात कसा चालतो?"

"वकील म्हणाला, कसेही शिरले तरी सापडलं ते सापडलंच."

"त्यापेक्षा चोर बरा, चहा तरी पीत नाही!"

"माझा नितेश सुटायचा नाही गो."

निशिगंधानं हळूच विचारलं, "मावशी, इथं बसू का?"

"या, ब..." काशीमावशींनी ओठ मिटले. "आधी कागद दाखव."

आणि जागा करत खिडकीकडे सरकल्या.