परबांच्या दुकानातली चिठ्ठी

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनीही बसून घ्या, पुढे सतरंजीवर जागा आहे.

एवढी माणसं आलात. चिंचपोकळीतली तर आहातच, पण रे रोडच्या वखारीतले आलात, डिलाईल रोडचे आलात. कामावरून सुटून परस्पर आलेले दिसताय. मला माइकवर बोलायची सवय नाही. मध्येच अडखळले तर तेवढं सांभाळून घ्या. मघाशी विजय भाऊजी म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला आणि बसा." भाऊजी, तुम्ही ह्यांचे धाकटे भाऊ, या दिवसांत सगळी धावपळ तुम्ही केलीत. पण दोन शब्दांत नाही होणार. आज मला बोलू द्या.

मी सुनंदा परब. दत्ताराम परब घड्याळवाले, ते माझे यजमान. परवा त्यांचं तेरावं झालं. त्याच संध्याकाळी घरात विषय निघाला, दुकानाचं काय करायचं. एक व्यापारी आहेत, त्यांनी आमचं सगळं सामान एकगठ्ठा मागितलंय. भाऊजींनी त्यांना जवळजवळ हो म्हटलंय. माझ्या काळजीपोटीच म्हटलंय, मला माहीत आहे. पण उत्तर मी द्यायचं आहे, आणि ते मी तुमच्यासमोर देणार आहे.

त्याआधी ह्यांच्याबद्दल बोलते.

तुम्ही सगळे हसायचात ह्यांना. "परब, तुमचं जपानी पुराण सुरू झालं!" खरं की नाही? कुणी महागडं युरोपचं घड्याळ आणलं, की हे व्यवस्थित दुरुस्त करून द्यायचे आणि गप्प बसायचे. पण जुनं जपानी ऑटोमॅटिक आलं, की भिंग कपाळावर चढवून गिऱ्हाइकालाच बोलवायचे. "या, आत बघा!" मागचं झाकण उघडून दाखवायचे. हात इकडे हलला तरी चावी भरते, तिकडे हलला तरी भरते. आणि एवढ्या कामासाठी काय? दोन नख्यांची एक इवलीशी पट्टी. दुसऱ्यांनी जिथे चार चाकं घातली असती, तिथे जपान्यांनी एका पट्टीत भागवलं. हे म्हणायचे, "महाग घड्याळ चांगलं चालतं, त्यात काय नवल? गिरणीतल्या माणसाला परवडेल असं घड्याळ बनवायचं आणि ते वीस वर्षं चालवायचं, ही खरी अक्कल."

एकदा कॉलेजातली एक मुलगी उजेडावर चालणारं घड्याळ घेऊन आली. बंद पडलंय म्हणाली. कपाटात पडून होतं वर्षभर. ह्यांनी ते खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी काटा चालायला लागला. दुरुस्तीच नव्हती काही. आमचे हे त्या खिडकीपुढे स्टूल टाकून बसले. मी म्हटलं, "अहो, सगळी घड्याळं अशी निघाली तर आपलं दुकान बंद होईल." तर म्हणतात कसे, "होऊ दे गो. पण काय केल्यानी बघ!" असा माणूस. आपल्या पोटावर पाय देणाऱ्या वस्तूचंही कौतुक करायचा.

पण हे जन्मापासून शहाणे नव्हते हं. चुकले होते, आणि मोठे चुकले होते. ती चूक मला आज सांगायलाच हवी.

डिलाईल रोडला महादेव काका राहायचे. गिरणीत बॉयलरवर होते. बोटीवर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने त्यांना जपानी घड्याळ आणून दिलेलं. गिरणी बंद पडल्यावर काकांनी ते साफ करायला आमच्याकडे टाकलं. डायल पार पिवळी झालेली. सहाच्या आकड्यापाशी तपकिरी डाग. ह्यांना वाटलं, काका वाईट दिवसांतून जातायत, त्यांना खूश करूया. न विचारता डायल रंगवायला दिली. छान निळी झाली, चकचकीत. आकडे नवे. काका आले, घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाले, "दत्ता, ह्यां माझां घड्याळ न्हय रे."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग सांगितलं त्यांनी. तो डाग बॉयलरची वाफ आत शिरून पडलेला. गिरणी गेली, हजेरीचं कार्ड गेलं. नातवंडांना दाखवायला तो डागच राहिला होता. आणि रंगवताना जुनी डायल घासून टाकतात. आता कुठून आणणार? काका ते घड्याळ काउंटरवर ठेवून निघून गेले. परत कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. हे काकांच्या घरी जाऊन दोनदा पाया पडून आले. काका चहा द्यायचे, बोलायचे, पण घड्याळ काही घेतलं नाही.

तेव्हापासून ती चिठ्ठी सुरू झाली. तुमच्या सगळ्यांच्या घरात असेल एखादी. काढलेला जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून परत द्यायचा, आणि सोबत चिठ्ठी. काय काढलं, काय बसवलं. बसवलेला भाग दुसऱ्या घड्याळातला असेल तर तेही लिहायचं. खाली सही. लोक म्हणायचे, परब, कुणी विचारत नाही, कशाला लिहिता? हे म्हणायचे, "विचारत नाहीत म्हणून तर लिहायला पाहिजे."

आता त्या व्यापाऱ्यांचं. ते इथे आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. साहेब, आमच्या दुःखात आलात, बरं वाटलं. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. पण तुम्ही आमच्या सामानाचं काय करणार, ते तुम्हीच मला मोबाइलवर दाखवलंत. एकाची डायल, दुसऱ्याचे काटे, तिसऱ्याचं मशीन. वरून नारिंगी रंग, पोपटी रंग. आणि खाली लिहायचं, जुनं, अस्सल जपानी. बाहेरच्या देशात भराभर जातात म्हणालात. जात असतील. माझ्या नवऱ्याने बंद पडलेली घड्याळं जमवून, एकेक भाग पुसून, नाव घालून ते ड्रॉवर भरलेत. ते तुम्हाला मिळणार नाहीत. आज नाही, वर्षाने नाही. भाऊजी, तुम्ही दिलेला शब्द मी मोडतेय. सगळ्यांदेखत मोडतेय, म्हणजे तुमच्यावर ठपका येणार नाही.

मग तुम्ही विचाराल, वहिनी, सामान ठेवून करणार काय? दुरुस्ती करणार कोण?

पाणी द्या कुणीतरी.

हे सांगणं मला सगळ्यात कठीण आहे. गेली तीन वर्षं तुमची घड्याळं मी दुरुस्त करत होते.

हो. मीच. ह्यांचा हात कापायला लागला होता. एक दिवस चिमट्यातून स्क्रू तीनदा पडला. मग ह्यांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "सुनंदा, इकडे बस." मी आधी साड्यांचं फॉल-पिकोचं काम करायची, माझा हात स्थिर. बॅटऱ्या, पट्टे वर्षानुवर्षं बदलत होतेच. ह्यांनी मला मशीन उघडायला शिकवलं. चुकले की ओरडायचे, मी पण उलट बोलायची. दीड वर्षाने ती दोन नख्यांची पट्टी मी न बघता, नुसत्या अंदाजाने बसवली. त्या दिवशी ह्यांनी खुशीत समोरच्या हॉटेलातून कटलेट मागवले. हे काउंटरवर तुमच्याशी गप्पा मारायचे आणि मी मागे आडोशाला लावलेल्या फळीच्या आड बसून काम करायची. तुम्हाला वाटायचं, वहिनी आत चहा करतेय.

आणि चिठ्ठीवर सही ह्यांची.

ते ह्यांना पटत नव्हतं. रोज भांडायचे. "काम तुझां, मगे नाव माझां कित्याक?" मी ऐकलं नाही. मला भीती वाटायची. बाईने उघडलंय कळलं तर कोण वडिलांचं घड्याळ आपल्या हातात देईल? मी म्हणायची, तुमच्या नावावर चाललंय, चालू द्या. ज्या माणसाने एका स्क्रूचंही खोटं लिहिलं नाही, त्याला मी तीन वर्षं खोटी सही करायला लावली. शेवटी शेवटी सही करतानाही हात कापायचा. तरी करायचे, माझ्यासाठी.

तुमच्यातल्या कुणाला राग आला असेल तर तो माझ्यावर काढा, ह्यांच्यावर नको.

फोटोशेजारी तो पत्र्याचा डबा आहे ना, त्यात तुमची नऊ घड्याळं आहेत. दुरुस्तीला आलेली, अर्धी राहिलेली. प्रत्येकावर नाव आहे. ज्यांना माझ्या हातावर भरवसा नसेल, त्यांनी जाताना आपलं घड्याळ घेऊन जा. मी मनात काही ठेवणार नाही. रस्त्यात भेटलात तर तशीच बोलेन. राहतील त्यांचं काम मी करेन. एकच राहिलं, तर त्या एकाचं करेन. दुकान सोमवारी सकाळी दहाला उघडेल. फळी मी काल काढून टाकली. टेबल आता पुढे आहे, रस्त्यावरून दिसेल असं. कोण काम करतंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

चला, उभे राहूया. वयस्कर मंडळी बसून राहिली तरी चालेल. दोन मिनिटं शांत राहूया. त्याआधी ह्यांच्याशी एवढं बोलून घेते.

अहो, तुमचं म्हणणं बरोबर होतं, मी चुकले. तुम्ही समोर होतात तेव्हा हे माझ्या तोंडून निघालं नाही, त्याचा त्रास मला आता जन्मभर होईल. सोमवारी पहिली चिठ्ठी लिहीन. खाली लिहीन, काम सुनंदा परब. भीती अजून वाटते, पण लिहीन.

नमस्कार करते तुम्हाला.