सांगितलेलं ऐकणारा दिवा

ऐका. शेंगा फोडता फोडताच ऐका. हात थांबले तर गोष्टही थांबेल, आधीच सांगून ठेवते. आणि दाणे तोंडात टाकू नका रे, बियाणं आहे ते! ए, तू. तुलाच म्हणतेय.

बोडका माळ ठाऊक आहे ना? फाट्यावरून आपल्या वाडीकडं येताना मधे पडतो तो. दिवसा जातोच की आपण तिथून, शेळ्या घेऊन, काटक्या गोळा करायला. पण दिवेलागण झाली की त्या पायवाटेला कुणी पाऊल घालत नाही. लांबचा रस्ता परवडला, पुलावरून वळसा परवडला. का? तेच तर सांगतेय.

वरच्या आळीतलं, माळाकडचं शेवटचं घर संपतचं. बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तोच संपत. हुशार माणूस! नवीन काही निघालं की आधी याच्या घरी येणार. तर यानं काय केलं, घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक पांढरी पेटी बसवली. वर पावसाचं झाकण. आत तीन प्लग. एक अंगणातल्या दिव्याचा, एक पाण्याच्या मोटरचा, एक गोठ्यातल्या पंख्याचा. म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, त्या पेटीला हात लावायचं कामच नाही! हा तिकडं दुकानात बसून फोनवर बोट टेकवणार आणि इकडं अंगणात दिवा लागणार. बोट टेकवलं, मोटर चालू. बोट टेकवलं, पंखा बंद. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तर चांगलीच दचकले होते, खोटं कशाला बोलू?

त्याची बायको रंजना. लाखात एक बाई, पण ऐकणाऱ्यातली नाही. नवरा घरी येईस्तोवर अंगणातला दिवा घालवायचा नाही आणि आपणही अंथरुणाला पाठ टेकायची नाही, हा तिचा नेम. संपतला यायला उशीर व्हायचा. बायको उगाच जागते, दिवसभर राबते आणि वर जागते, याचं त्याला वाईट वाटायचं. मग हा दुकानातूनच दिवा बंद करायचा. म्हणजे काय, तर झोप आता. त्याच्या परीनं ती मायाच हो! पण तिला ती कशी कळणार? तिला नुसता अंधार दिसायचा. ती उठायची, पेटीवरचं बटण दाबून दिवा लावायची. हा तिकडून बंद करायचा. ती परत लावायची. हा परत बंद. रोजचा खेळ झाला होता तो.

एक दिवस सकाळी त्यावरून कडाक्याचं वाजलं दोघांत.

"मानूस भाईर असताना दिवा घालवत्यात व्हय कुटं?" रंजना म्हणाली.

"अगं, तू झोपावंस म्हनून करतो मी."

"दिवा तुमच्या फोनात हाय. माझं वाट बघनंबी फोनात हाय का? ते कसं बंद करनार?"

बायकोचं खरं निघालं की पुरुषमाणूस चिडतो. संपतही चिडला. "ती भिंतीवरची पेटीसुदिक माझं ऐकती," म्हणाला, "तू मातर एक गोष्ट ऐकशील तर शपथ!" आणि भाकरी न घेताच गेला. दिवसभर दुकानात बसला, पण मन थाऱ्यावर नव्हतं. चुकलंच आपलं, असं वाटत होतं. फोन काही केला नाही.

दुकान बंद करून निघाला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. अमावस्या तोंडावर आलेली. फाट्यावर आला आणि गाडीचं मागचं चाक बसलं. फुस्स! चिटपाखरू नाही. चहाची टपरी बंद. गाडी टपरीमागं लावली, फोन काढला, बघितलं. अंगणातला दिवा चालू.

"बसलीया जागी," म्हणाला, आणि सवयीनं टेकवलं बोट. दिवा बंद!

अरे बाबा, अंधारातून घरी तुलाच जायचंय ना? आणि घरचाच दिवा घालवतोस? पण हात सवयीनं जातो, डोकं मागून येतं. आणि वर शहाणपण असं, की पुलाचा वळसा कशाला, माळावरून जाऊ. फोनची बॅटरी आहे हातात, कोण काय करतंय?

चालला. दोन्ही बाजूला काळोख. बॅटरीचा उजेड नुसता पायापुरता. माळाच्या मध्यावर आला आणि त्याला वाटलं, आता घर दिसायला हवं. दिसेना. मग आठवलं, अरे, दिवा तर आपणच घालवलाय! हसला स्वतःशीच. फोन काढला, बोट टेकवलं.

लागला की दिवा! समोर, लांब, पांढराशुभ्र. संपतची छाती फुगली. भर माळावर उभं राहून घरचा दिवा लावला, आहे का कुणाची टाप? दिव्याकडं तोंड करून भराभर चालायला लागला.

चालतोय. चालतोय. दिवा तेवढाच लांब. वाटेत एक खुरटी बाभूळ लागली, तिच्या काट्यांना फाटकं पोतं अडकलेलं. ती मागं टाकून पुढं गेला. चालतोय, चालतोय. आणि परत बाभूळ. तेच पोतं!

कळलं ना? चकवा लागला होता. चकव्याला रूप नसतं, पोरांनो. तो मारत नाही, धरत नाही. तो नुसता फिरवतो. पण संपतला कुठलं कळायला? त्याला वाटलं, आपलीच वाट चुकली. खात्री करावी म्हणून बोट टेकवलं. समोरचा दिवा गेला. परत टेकवलं. आला. "मग आपलाच हाय," म्हणाला, आणि परत चालू लागला.

आता दिवा डावीकडं दिसायला लागला. मग उजवीकडं. मग दोन दिवे! बोट टेकवलं, दोन्ही गेले. टेकवलं, दोन्ही आले. घामानं सदरा भिजला. आणि कानावर आवाज आला, घूंऽऽ. मोटरचा! पाणी पडल्याचा आवाज. बरं वाटलं त्याला. मोटर म्हणजे घर आलं. मोटरला बोट लावलंच नव्हतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. इतक्यात मानेवर गार वारा. सगळ्या माळावर पान हलत नव्हतं आणि याच्या एकट्याच्या मानेवर पंखा लावल्यासारखा वारा. अगं बाई गं! माझ्याच अंगावर काटा येतो सांगताना.

आणि मग आवाज आला. रंजनाचा. अगदी तिचाच.

"या. किती दमलासा! पानी तापवून ठिवलंय. आता तुमी म्हनाल तवा दिवा लावीन, म्हनाल तवा घालवीन. सकाळी माझंच चुकलं."

हसू नका रे. दिवसभर त्याला जे ऐकावंसं वाटत होतं, तेच चकव्यानं त्याला ऐकवलं होतं. त्याचे डोळे भरून आले. "तसं न्हवं रंजे, चुकलं माझंबी," म्हणत तो पुढं झाला. दिवा आता अगदी जवळ. पण खाली. दिवा इतका खाली कसा? एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि पायाखालचा दगड निसटला.

डुबुक!

किती उशिरानं आवाज आला म्हणून सांगू! माळावरची पडकी विहीर. काठ नाही, कठडा नाही. तिच्या तोंडावर उभा होता तो. आणि दिवा होता विहिरीच्या आत!

तिथंच मटकन खाली बसला संपत. मग डोकं चालायला लागलं. रंजना आणि असं बोलणार? दमलासा म्हणणार? उशीर झाला की तिचा पहिला सवाल असतो, कुठं उलथला होता! आणि सकाळी माझंच चुकलं? उभ्या जन्मात कधी म्हणाली नाही ती. फोन बघितला. वर कोपऱ्यात रेंजच नव्हती! माळ लागल्यापासून नव्हती. फोनवर पेटीच्या नावापुढं लिहून आलं होतं, जोडणी नाही. मग इतका वेळ याच्या बोटासरशी लागत होतं आणि विझत होतं, ते काय होतं?

डोकं वर केलं तर माळभर दिवे. दिवाळीला नसतात एवढे. इकडं दिवा, तिकडं दिवा, आणि सगळ्यांखाली रंजनाचा आवाज, "या, या, घर हितंच हाय." घाबरून त्यानं बोट दाबलं. सगळे एका दमात बंद. काळोख.

सगळे? नाही. एक राहिला.

लांब, त्याच्या अगदी पाठीमागच्या बाजूला. पिवळा, मिणमिणता, जरासा हलणारा. यानं परत बोट दाबलं. माळभर दिवे लागले, तो आपला तसाच. परत दाबलं. सगळे गेले, तो तसाच! चार वेळा दाबलं, दहा वेळा दाबलं. त्या दिव्याला याच्या बोटाची पर्वाच नाही!

आणि संपत रडता रडता हसायला लागला. म्हणाला, "ही माझी. ऐकतच न्हाई."

उठला, आणि धरली त्या दिव्याची वाट. चकवा सोडतो होय? तसाच पिवळा दिवा त्यानं आडवा आणला. संपतनं बोट दाबलं, दिवा विझला. विझला ना? मग तू नव्हे! मग हलणारा आणला. दाबलं. विझला. तू पण नव्हे! जो ऐकेल त्याला सोडायचं, न ऐकणाऱ्याकडं जायचं. काट्यांतून, ढेकळांतून, पडत, उठत, नजर त्या एका दिव्यावर ठेवून चालला.

माळाची कड आली तेव्हा मागून आवाज आला. आता तो रंजनाचा नव्हता. कुणा थकलेल्या गड्याचा होता.

"जाऊ नगंस रं. कायतरी सांग की मला. लाव म्हन, घालव म्हन. तू सांगशील तसं करतो. मला कुनी कायबी सांगतच न्हाई रं…"

संपतनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसले नसते. पण त्या आवाजानं त्याचं चालणं जरा हळू झालं, ते मात्र खरं.

घराजवळच्या, माळाला लागून असलेल्या बांधावर रंजना उभी होती. हातात सासूच्या वेळचा कंदील. हात वर धरून धरून खांद्याला कळ लागलेली, तरी धरलेला. हा दिसला, आणि पहिला सवाल काय?

"कुटं उलथला व्हता?"

देवाशपथ सांगते, इतके गोड शब्द त्या माणसानं जन्मात ऐकले नव्हते. तो तिच्या पायाशीच बसला.

"आन् ह्यो कंदील कशापायी?" जरा वेळानं त्यानं विचारलं.

"तुमी परत दिवा घालवला न्हवं? म्हनलं, आता असा लावते का फोनमधनं इझायचा न्हाई. मग येईनासा झाला, तवा जीव ऱ्हाईना. आले हितं."

घरी गेल्यावर तिनं त्याला वाढलं. जेवता जेवता त्यानं सगळं सांगितलं. विहीर, दिवे, तिचा आवाज. त्यावर ती हसली, "आसं बोलले मी? आन् तुमी खरं मानलं?" मग त्यानं शेवटचं सांगितलं. कुणी काही सांगतच नाही, असं म्हणणाऱ्या त्या गड्याचं. तेव्हा तिचं हसू गेलं. कोण असेल बिचारा? असाच कुणी रात्रीचा घरी निघालेला आणि वाट चुकून माळावरच राहिलेला. त्याच्या घरी दिवा लावणारं कुणी उरलंच नसेल.

मग म्हणाली, "जेवला आसंल का वो त्यो?"

संपतचा घास हातातच राहिला. आपल्याला विहिरीत घालायला निघाला होता तो, आणि ही विचारतेय, जेवला असेल का!

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्याकडून एक काम करून घेतलं. त्या पेटीतल्या दिव्याची वायर वाढवून घेतली आणि दिवा बांधावर, माळाकडं तोंड करून लावायला सांगितला. संपतनं फोनमधे वेळ घातली. सूर्य मावळला की आपोआप लागायचा.

"आन् बंद कवा करायचा?" त्यानं विचारलं.

"करायचा न्हाई," ती म्हणाली. "उजाडंस्तोवर न्हाई. अमुशाला न्हाई, पुनवंला न्हाई."

आणि तेव्हापासून अंगणात, आपल्या नवऱ्यासाठी, ती कंदील लावते. तिच्या हातानं. त्याला बोट लावायची संपतची अजून छाती झालेली नाही.

तर पोरांनो, शेंगा झाल्या, आता घरी जा. सरळ रस्त्यानं जा. आणि आयुष्यात कितीही घाई असू द्या, रात्रीचं बोडक्या माळावरून येऊ नका. वर बांधावर पांढरा दिवा दिसेल, रोज दिसतो. हा बघा, आत्तासुद्धा दिसतोय. घर आलं म्हणून त्याच्याकडं जाऊ नका. तो दिवा तुमच्यासाठी लावलेला नाही. ज्याच्यासाठी लावलाय, तो त्याच्याकडं बघत तिथं माळावर बसलेला असतो.