फुटायचा राहिलेला पेला

लाइपझिगच्या रोजगार कचेरीत काम शोधायला आलेल्या ट्राउडेच्या पुढे दोन सुतार रांगेत उभे होते.

"फोल्कमार, पिशवीत एवढं काय जपतोयस? अंडी आहेत का?"

"पेला आहे. छपराचे वासे चढले की सुतारानं वर उभं राहून प्यायचं आणि पेला खाली टाकून फोडायचा, अशी रीत. फुटला की घर नांदतं."

"पण आपल्या इमारतीचं काम तर तिसऱ्या मजल्यावरच बंद पडलं."

"व्याजदर उतरले की सुरू होईल म्हणतात. दोन वर्षांनी."

"तोवर तू पासष्टीचा. तुला छपरावर कोण चढू देणार?"

"कोणी नाही. म्हणून तर आणलाय. हा घे एकार्ट, तूच फोड."

"आणि तू?"

खिडकीतून सुतारांचा नंबर पुकारला. मागे उभ्या ट्राउडेने त्यांना आधी बोलणं पुरं करू दिलं.

"मी खाली उभा असेन. जोरात फोड, हल्ली मला कमी ऐकू येतं."