बटण, बटण, बटण

...नाही, पण मला सांगा, बटणाला 'बटण' म्हटलं तर त्यात चुकलं काय? खुर्चीला आपण खुर्चीच म्हणतो ना? दाराला दार? मग! दिसायला बटण, दाबायला बटण, म्हणून मी लिहिलं 'बटण'. तीनशे बारा वेळा लिहिलं! म्हणजे लिहिलं कसलं, एकदाच लिहिलं आणि संगणकाला म्हटलं, बाबा रे, सगळीकडे हेच चिकटव... आणि त्या गुणी बाळाने चिकटवलं हो!

झालं काय, तुम्हाला सांगतो, मी इस्पितळाची वेबसाइट सांभाळतो. डॉक्टरांच्या वेळा, रिपोर्ट, ऑपरेशनच्या तारखा, सगळं माझ्याकडे. तर वरून हुकूम आला, वेबसाइट सुलभ करा. कुणासाठी? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. त्यांचा फोन म्हणे स्क्रीनवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो. चांगलंच आहे, नाही कोण म्हणतंय! ते तपासायला एक प्रोग्रॅम दिला, चूक सापडली की तो लाल ठिपका देतो. आमच्या वेबसाइटला गोवर आल्यासारखे तीनशे बारा ठिपके! आणि प्रत्येकाखाली एकच रडगाणं: बटणाला नाव नाही, बटणाला नाव नाही. म्हणजे नुसतं चित्र काढलेलं बटण, बरोबरची खूण, फुली, बाण, डोळसाला कळतं, फोनला काय कपाळ कळणार?

आमचे साहेब माझ्या खांद्यावरून वाकून, नाकातून, "हे बघा, गुरुवारपर्यंत मला हिरवं पाहिजे. कसं करता ते मला सांगू नका." बरं! नाही सांगितलं! नाव नाही ना तुला? घे नाव. बटण! आणि काय सांगू, एका क्षणात सगळं हिरवं! शंभर टक्के! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. त्या प्रोग्रॅमला फक्त नाव आहे की नाही एवढंच बघता येत होतं, नावाला अर्थ आहे का, ते त्याला कुठलं कळायला! आणि मला कळत होतं, पण मला कोणी विचारलंच नाही. कारण सगळं हिरवं होतं हो!

आता आमची ताई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी पन्नाशी ओलांडली तरी तिच्यासाठी बाळ्याच. लहानपणी मला चष्म्याची गरज होती आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, तेव्हा शाळेच्या रस्त्यानं ताई माझा हात धरून सांगत चालायची, "बाळ्या, पायरी. बाळ्या, खड्डा. बाळ्या, सायकल येतेय, डावीकडे हो." तिनं जर 'वस्तू, वस्तू, वस्तू' असं म्हटलं असतं ना, तर आज मी तुमच्यासमोर उभा नसतो!

तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्यातून धूसर, माणूस आहे की कपाट एवढंच. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर बाहेरून येतात, त्यांची यादी ही लांबलचक. आठ महिन्यांनी ताईचा नंबर लागला. आणि मीच, मीच हो, छाती फुगवून तिला म्हणालो, "ताई, आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. तारीख आली की तुझी तू कळव. आपली वेबसाइट बोलते!" केवढी खूश झाली! "बघ हं, मी तुला फोन करून त्रास देणार नाही." नाही दिला. द्यायला हवा होता.

तारखेच्या आधी तिला निरोप आला, येणार की नाही ते कळवा. खाली दोन बटणं. एकावर बरोबरची खूण, एकावर फुली. आणि फोन तिला म्हणाला, "बटण. बटण."

ऑपरेशनच्या दिवशी ताई पहाटेपासून उपाशी, पिशवी भरून, केस विंचरून माझ्या शेजारी बाकावर बसलेली. खिडकीतल्या बाई, चष्म्यावरून, "यांचं नाव नाहीये. यांनी स्वतःच रद्द केलंय. बघा ना, यांच्याच फोनवरून!" मी म्हटलं, अहो शक्यच नाही! तेवढ्यात ताई हळूच म्हणते, "बाळ्या, त्यानं एकदा 'बटण' म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. मला वाटलं, म्हातारी ऐकत नाही म्हणून बिचारा दुसऱ्यांदा सांगतोय. म्हणून मी दुसरं दाबलं. मग तो म्हणाला, धन्यवाद, आपली नोंद झाली आहे." ते धन्यवादसुद्धा मीच लिहिलेलं! मी धावलो, डॉक्टरांच्या दारात उभा राहिलो, साहेबांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. साहेब म्हणतात, "त्यांची जागा दुसऱ्या पेशंटला गेली, तो आत टेबलावर आहे. आणि वेबसाइटचं म्हणाल तर... सगळं हिरवं आहे हो!"

मग बसलो. तीनशे बारा बटणांना एकेक नाव दिलं. 'पुढचा महिना दाखवा.' 'रिपोर्ट उघडा.' 'मी येणार आहे.' 'मी येणार नाही.' अकरा दिवस लागले, तुम्हाला सांगतो, फक्त अकरा दिवस! आधी नव्हते का माझ्याकडे अकरा दिवस? होते! पण तेव्हा हिरवं होतं ना!

सात महिन्यांनी ताईचा नंबर पुन्हा आला. तोपर्यंत तो धूसर डोळाही गेला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता केलं तरी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळेल, तोही नक्की नाही. मागच्या वेळी आला असतात तर... आणि थांबले. तो 'तर' मला अजून झोपेत ऐकू येतो.

निरोप आला तेव्हा मी तिच्या शेजारीच होतो. मी म्हटलं, "ताई, दे, मी दाबतो." हात झटकला माझा! फोन स्वच्छ आवाजात म्हणाला, "मी येणार आहे." तिनं बोट सरकवलं. "मी येणार नाही." थांबली... आणि दाबलं!

मी ओरडलोच, "ताई! अगं चुकलीस! पुन्हा दुसरं दाबलंस!"

"नाही रे," ती म्हणाली, "उजेड-अंधार तर उन्हात बसलं की अंगालाही कळतो, त्यासाठी डोळा कशाला कापून घेऊ? या वेळी सगळं नीट ऐकून दाबलंय. शाब्बास, बाळ्या, चांगलं काम केलंस."

आयुष्यात पहिल्यांदा ताईनं माझ्या कामाला शाब्बास म्हटलं हो... आणि तेही खरंच म्हटलं!