हौदावरचा चहा

वॉर्ड ऑफिसच्या बाकावर माझ्या पलीकडं एक म्हातारी आणि तिचा शेजारी नंबर यायची वाट बघत बसले होते.

"आवडामावशी, नोटीस आली कशापायी पण?"

"घरात पावसाचं पाणी साठवायची सोय नाय म्हणं. ती केल्याबिगर वरच्या खोलीला परवानगी नाय."

"सोय नाय? नळ आठवड्यानं येतो. तवर अख्खी गल्ली तुमच्याच हौदातून पाणी नेते. तुमच्या पत्र्यावरचा सगळा पाऊस त्यातच उतरतो की."

"हळू बोल, निजामुद्दीन."

"का?"

"तपासणीवाल्या मॅडम आल्या, तवा मला वाटलं पाणी साठवणं गुन्हा हाय. मागं गल्लीतल्या मोटारी जप्त करून नेल्या नव्हत्या का?"

"त्या नळाला लावलेल्या होत्या, मावशी. पावसाचं पाणी कोण जप्त करतंय?"

"मला काय ठावं. मी हौदावर फळ्या टाकल्या आन वर गोधडी अंथरली."

"कमाल हाय. एवढा मोठा हौद मॅडमला दिसला नाय?"

"दिसंल कसा? त्याच्यावरच बसून चहा प्याल्या."

"मग आता आत जाऊन खरं काय ते सांगून टाका."

"कोणत्या तोंडानं सांगू? जाताना म्हणाल्या, मावशी, चहाला लई चव हाय, पाणी कुठलं तुमचं?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"नळाचं."