सरासरीपेक्षा कमी

हॅलो?... हो ताई, मीच. ऑफिसातच आहे, बोल... काय काढलं?... छप्पर? सगळं?... अगं पण कुणाला विचारून?

मला? मी कधी म्हणाले?... हो, हो, पेपरात आलं ते आमच्याच हवामान खात्याचं. ‘यंदा सरासरीपेक्षा कमी पाऊस.’ अगं ऐक ना. कमी म्हणजे पडणारच नाही असं नव्हे. सरासरी अख्ख्या मोसमाची असते... हे बघ, महिन्याचं मीठ एकाच दिवशी भाजीत ओतलंस तरी महिन्याची सरासरी बिघडत नाही. भाजी बिघडते.

हसू नकोस... बाबा कुठे आहेत?... त्याच खोलीत?... मग पलंग हलवा ना... हां, दारातून निघत नाही. सुतारानं आतच जोडला होता, खरंय... आणि बाबांना उचलायचं नाही... हो, खुब्याचं हाड, माहितीये.

पत्रेवाला नवे पत्रे कधी आणतोय?... परवा. हं.

नाही, काही नाही. समोर नकाशा आहे, तो बघतेय... सांगते, मध्ये बोलू नकोस. लांबचा महासागर तापलाय, म्हणून यंदा पाऊस कमी. ते बरोबर. पण आपल्या समुद्राची पश्चिमेकडची बाजूही तापलीये, ती उलट पाऊस वाढवते, त्या महासागराचं सगळंच चालू देत नाही... दोन सासवांची एक सून म्हण हवं तर. त्यात ढगांचा एक मोठा पट्टा महिना-दीड महिन्यानं फेरी मारतो. तो आता आपल्याकडे सरकतोय... उद्या संध्याकाळी. दोन दिवस झोडपेल.

किती खात्री? साठ टक्के... अगं, चाळीस टक्के नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? भाऊजींना म्हणावं आत्ताच ताडपत्री आणा... असू दे ना डोक्यावरचं आभाळ निरभ्र.

ताई, ते साठ टक्के बाकीच्या लोकांसाठी. बाबांच्या डोक्यावर शंभर धर... हो, घाबरलेय. मला माझ्याच छापील वाक्याची भीती वाटतेय, झालं?... नाही, तुझी चूक नाही. आम्हीच ते नीट समजावून लिहायला हवं होतं.

बाबांना दे जरा... बाबा, बरे आहात ना?... हो, चांदण्या दिसतील, पण आज नको... काय? वास येतोय?... मातीचा? नाही हो, पाऊस उद्या संध्याकाळी आहे. माझ्यासमोर नकाशाच आहे.

...तो आवाज कसला?... शेजारच्यांच्या पत्र्यावर?... बाबा, फोन ताईला द्या. ताई, नकाशा गेला खड्ड्यात. मोठी छत्री दाराच्या मागे असते, ती आधी बाबांवर धर. मी निघालेच... ताई?

हॅलो?